केस लावणारा डॉक्टर किती शिकलेला हवा? नियमांमागची पार्श्वभूमी

हेअर ट्रान्सप्लांट करणाऱ्याचं शिक्षण हा प्रश्न आपल्याकडे उशिरा ऐरणीवर आला. त्याचं मूळ बदलत गेलेल्या हत्यारात आहे.

न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ऑरेनट्राइश यांनी १९५२ मध्ये टकलावर केस लावले. डोक्याच्या मागच्या भागातले केस पुढे लावले तरी ते मूळ जागेचाच गुण राखतात, म्हणजे टिकतात, हे त्यांनी १९५९ मध्ये मांडलं. तेव्हाचा पंच, म्हणजे केसांसह कातडीचा गोल तुकडा कापणारी धारदार नळी, ४ मिलिमीटरचा होता. केस बाहुलीसारखे पुंजक्यांनी उगवत. १९९० च्या दशकात स्ट्रिप पद्धत रुळली: कातडीची पट्टी कापायची, टाके घालायचे, सूक्ष्मदर्शकाखाली ग्राफ्ट (मुळासह केसांचे बारीक पुंजके) सुटे करायचे. सुरी-टाके आले म्हणजे सर्जन आलाच. २००२ नंतर एफयूई, म्हणजे पट्टी न कापता एकेक ग्राफ्ट पंचने काढण्याची पद्धत, पसरली. पंच १ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक, टाके नाहीत, हातात पेनासारखं मशीन. बघणाऱ्याला ही शस्त्रक्रिया वाटतच नाही, आणि त्याच फटीतून सलूनवाले शिरले.

प्रत्यक्षात चूक इथेच जास्त होते. केस कातडीबाहेर ज्या कोनात दिसतो, त्याच कोनात आत असेलच असं नाही. पंच जरा तिरपा गेला की मूळ कापलं जातं. केस काढतात तो मागचा डोनर भाग ओरबाडला तर मागे कायमचे विरळ चट्टे पडतात. काढलेला ग्राफ्ट ओला आणि थंड ठेवला नाही तर सुकून मरतो. जिवावर बेतणारी बाब मात्र भुलीची. ॲड्रेनालिनसह लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाची मर्यादा किलोमागे ७ मिलिग्रॅम. ७० किलोच्या माणसाला २ टक्के द्रावण जेमतेम २४ मिलिलिटर. सकाळी मागे आणि दुपारी पुढे टोचताना बेरीज ठेवली नाही, तर आधी ओठ बधिरतात, कान वाजतात, मग झटके येतात.

म्हणूनच भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या (आयएडीव्हीएल) २००८ च्या मार्गदर्शक सूचनांत फक्त पदव्युत्तर पदवीवर भागवलेलं नाही. अनुभवी सर्जनच्या देखरेखीखाली टेबलावर प्रत्यक्ष काम, स्थानिक भूल आणि आपत्कालीन उपचारांचं प्रशिक्षणही हवं. भूलतज्ज्ञ हाताशी असणं मात्र इष्ट म्हटलं, सक्तीचं नाही. आमच्या मते ही ढिलाईच.

पण सूचना म्हणजे कायदा नव्हे. २०१६ मध्ये चेन्नईत एक वैद्यकीय विद्यार्थी प्रत्यारोपणानंतर दगावला. पुढे दिल्लीतल्या एका मृत्यूचं प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने स्पष्ट केलं की कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे. त्वचारोग आणि प्लास्टिक सर्जरी या विषयांच्या अभ्यासक्रमातच ही शस्त्रक्रिया आहे. त्याच डिसेंबरात भारतीय दंत परिषदेने मुख-जबडा शल्यचिकित्सकांनाही पात्र ठरवलं आणि नवा वाद पेटला.

नागपुरात मेडिकल किंवा मेयो या सरकारी महाविद्यालयांत एमडी स्किन (त्वचारोगातली पदव्युत्तर पदवी) करणाऱ्याची तीन वर्षं खरूज, नायटे आणि पूर्व विदर्भातल्या कुष्ठरोगाच्या ओपीडीत भरून जातात. त्याचं निदान त्यामुळे पक्कं होतं, आणि केसगळतीत निम्मं काम तेच: तापानंतर दोन-तीन महिन्यांनी गळणारे केस बहुधा आपोआप परततात, तर लायकेन प्लॅनोपायलॅरिस (केसांची मुळं नष्ट करणारा दाह) धगधगत असताना लावलेले ग्राफ्टही जातात. पंचवर हात बसायला मात्र पदवीनंतर वेगळं शिकावं लागतं. धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांत चौकशी करणाऱ्याने महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक, पदवीचा विषय आणि पंच स्वतः डॉक्टर चालवणार की टेक्निशियन, हे तिन्ही पैसे भरण्याआधी विचारावं.