गल्लीएवढं गटार

कराचीच्या वायव्येला ओरंगी नावाची अवाढव्य वस्ती आहे. १९७१च्या युद्धानंतर पूर्व पाकिस्तानातून आलेली बिहारी कुटुंबं आणि पोटापाण्यासाठी कराची गाठलेले इतर लोक इथे स्थिरावले. जमीन दलालांनी विकली आणि गल्ल्याही त्यांनीच आखल्या. ड्रेनेज मात्र कुणीच टाकलं नाही. कुणाकडे टोपलीचा संडास, कुणाकडे शोषखड्डा. खड्डा भरला की मैला गल्लीत.

१९८० साली अख्तर हमीद खान तिथे पोचले. बंगालच्या दुष्काळानंतर आयसीएसची (इंग्रजांच्या काळातली वरिष्ठ सनदी सेवा) नोकरी सोडून काही काळ कुलूपं बनवायला शिकलेला हा गृहस्थ. त्यांनी आल्याआल्या काही बांधलं नाही. लोकांना काय हवंय ते विचारत फिरले. गटार हवं, असं सगळेच म्हणाले, पण ते सरकारनं फुकट द्यावं हेही सगळेच म्हणाले. सरकारी दरानं गटार करायचं तर ते लोकांच्या आवाक्याबाहेर होतं. मग खान आणि वास्तुविशारद आरिफ हसन यांनी त्या दराचीच फोड केली. कंत्राटदाराचा नफा गेला, टक्केवारी गेली, मोठ्या रस्त्यांसाठी ठरलेली खोल चेंबरं गेली. उरलेला खर्च सुमारे एक पंचमांश होता. सुरुवातीच्या वर्षांत संडास आणि गल्लीतली लाइन मिळून घरामागे साधारण हजार पाकिस्तानी रुपये पडत.

कामाचं एकक ठरलं गल्ली. वीस-तीस घरं. मला या प्रयोगातली सगळ्यात हुशारीची गोष्ट हीच वाटते. आमच्या सोसायटीत टाकी धुण्याच्या वर्गणीवरून दोन वर्षं भांडण चाललं होतं, म्हणून असेल कदाचित. वीस-तीस घरांत कुणी पैसे दिले नाहीत हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि वर्गणी गोळा करणाऱ्यानं पैसे खाल्ले तरी संध्याकाळी त्याला त्याच गल्लीतून घरी यायचं असतं. गल्ली आपला प्रमुख निवडायची आणि मदतीसाठी अर्ज करायची. मग खान यांच्या संस्थेची, म्हणजे ओरंगी पायलट प्रोजेक्टची माणसं येऊन पातळी मोजत, नकाशा आणि अंदाजपत्रक हातात देत. पैशाला ती हात लावत नसत.

पातळी मोजणं लोकांवर सोडता येत नव्हतं, कारण गटाराचं सगळं शास्त्र ढाळात, म्हणजे उतारात आहे. पाइपातलं पाणी सेकंदाला साधारण ०.६ मीटर वेगानं वाहिलं तर घाण सोबत वाहून जाते. वेग त्याहून कमी पडला की गाळ तळाशी बसतो आणि लाइन तुंबते. डोळ्यांना सपाट दिसणाऱ्या गल्लीत हा ढाळ अंदाजानं काढला, तर शेवटच्या घराचा मैला पहिल्या घरात यायचा. म्हणून लेव्हलिंगचं यंत्र लावून उंची काढायची आणि पाइप त्यानुसार बसवायचे.

त्यात एक सोपी युक्तीही होती. संडास आणि गल्लीची लाइन यांच्यामध्ये एक लहानशी हौदी. जड घाण तिथेच थांबते, पुढे जातं ते बहुतेक पाणीच. ढाळ थोडा कमी पडला तरी मग निभावतं. गल्लीतून ट्रक जात नाहीत, हातगाड्या जातात. त्यामुळे पाइप फार खोल पुरायची गरज नव्हती, आणि खोली कमी झाली की खोदाईचा खर्चही उतरतो. चेंबरं जागच्या जागी ओतता यावीत म्हणून लोखंडी साचे केले. एका गल्लीचं काम झालं की साचा पुढच्या गल्लीत.

सुरुवातीची कामं बिघडलीही. काँक्रीट भुसभुशीत निघायचं. तपासल्यावर कळलं की माल नीट कालवला जात नव्हता आणि ओतल्यावर पाणीही मारलं जात नव्हतं. सिमेंट वाळून घट्ट होतं असा आपल्याकडेही अनेकांचा समज असतो. खरं तर त्याची पाण्याशी रासायनिक क्रिया होते आणि ती बरेच दिवस चालते. काँक्रीट ओलं ठेवलं नाही तर ती अर्धवट राहते. मग गल्लीतल्या लोकांना माल कालवणं आणि पाणी मारणं शिकवणं हाही कामाचाच भाग झाला. पुढे सात हजारांहून जास्त गल्ल्यांनी अशी गटारं स्वतःच्या पैशानं टाकली.

पण गल्लीचं पाणी पुढे कुठे जाणार? मुख्य वाहिन्या आणि सांडपाणी शुद्ध करणारी केंद्रं हा भाग सरकारचा, अशी वाटणी पहिल्यापासून होती. वास्तुविशारद परवीन रहमान यांनी स्थानिक तरुणांना हाताशी धरून वस्त्यांचे, गटारांचे, नाल्यांचे नकाशे काढले. लोक आधीच नाल्यांत पाणी सोडत होते, तेव्हा मुख्य वाहिन्याही नाल्यांच्याच रेषेवर टाका, हे त्या नकाशांमुळे दाखवून देता आलं. १३ मार्च २०१३ रोजी कामावरून घरी परतताना परवीन यांची गोळ्या घालून हत्या झाली.

नकाशाचा असाच उपयोग आपल्याकडे पुणे-सांगलीत शेल्टर असोसिएट्स या संस्थेनं केला. वस्तीत घरोघर फिरून कुणाकडे संडास नाही, ड्रेनेजची लाइन कुठपर्यंत आली आहे, हे नकाशावर मांडायचं. साहित्य संस्थेनं पोचवायचं, बांधकामाचा खर्च कुटुंबानं करायचा. ज्या गल्लीला लाइनच नाही, ती त्या नकाशावर लगेच डोळ्यांत भरते.

ओरंगीचे नाले ल्यारी नदीला मिळतात आणि ल्यारी अरबी समुद्राला. त्यातलं बरंचसं पाणी वर्षानुवर्षं शुद्ध न होताच समुद्रात जात राहिलं.