आस्थापना नोंदवहीतला दिव्यांग रकाना आणि ४० टक्क्यांची रेघ

कार्यालयात दिव्यांग कर्मचारी किती, अशी विचारणा आली की आस्थापना शाखेत आधी बिंदुनामावली, म्हणजे कोणते पद कोणत्या आरक्षणाचे ते क्रमाने दाखवणारा तक्ता, काढतात. मग सेवापुस्तकाला लावलेली प्रमाणपत्राची प्रत. या दोन कागदांवरून गट, बिंदू, प्रकार आणि टक्केवारी कळते. त्या माणसाला संगणकावर पडदा-वाचक (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली) लागतो का, बैठकीत सांकेतिक भाषेचा दुभाषी हवा का, हे त्यांवर नसते. असे का, याचे उत्तर या नोंदी मुळात कशासाठी सुरू झाल्या त्यात आहे.

मालकाने आपल्याकडचे अपंग कामगार मोजावेत ही पद्धत महायुद्धांच्या काळातली. ब्रिटनने १९४४ च्या कायद्याने २० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या मालकांवर ३ टक्क्यांचा कोटा घातला आणि अपंगांची नोंदवही उघडली. नाव नोंदवणे ऐच्छिक होते. अनेकांनी नोंदवलेच नाही, त्यामुळे कोटा भरायला कागदावर माणसेच अपुरी पडली. ब्रिटनच्याच १९९५ च्या नव्या कायद्याने तो कोटा गेला. आपल्याकडे ३ चा आकडा १९७७ मध्ये आला, तोही केंद्राच्या गट क आणि गट ड पुरता: अंध, कर्णबधिर आणि अस्थिव्यंग यांना प्रत्येकी १ टक्का.

भारताच्या १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने आरक्षण सर्व गटांना लागू केले. मालकाने नोंदी ठेवाव्यात हेही त्याच कायद्यात आले. पण पुढची कित्येक वर्षे भांडण झाले ते ३ टक्के कशाचे, यावर. २००५ च्या केंद्राच्या आदेशानुसार गट अ आणि ब मध्ये हा हिशेब फक्त दिव्यांगांसाठी सुयोग्य ठरवलेल्या पदांवर होई. सुयोग्य पदे कमी ठरवली की आरक्षणही आपोआप आटे. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा हिशेब मोडून काढला आणि संवर्गातल्या एकूण रिक्त जागांवर मोजा असे सांगितले. अनुशेष काढण्याची खरी धावपळ त्यानंतरची.

माझ्या मते मात्र याहून मोठा गुंता ४० टक्क्यांचा आहे.

१९९५ च्या कायद्यात अपंग व्यक्ती म्हणजेच ४० टक्के किंवा अधिक अपंगत्वाचे वैद्यकीय प्रमाणपत्र असलेली व्यक्ती. एकच व्याख्या, एकच रेघ. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने प्रकार ७ वरून २१ केले, आरक्षण ४ टक्क्यांवर नेले, आणि फारशी चर्चा न होता व्याख्येचे दोन भाग केले. 'दिव्यांग व्यक्ती' ही दीर्घकालीन दोषामुळे आणि समोरच्या अडथळ्यांमुळे समाजात बरोबरीने वावरता न येणारी व्यक्ती; इथे टक्केवारी नाही. 'लक्षणीय दिव्यांगत्व' असलेली व्यक्ती वेगळी, तिला ४० ची अट. आरक्षण दुसरीला. भेदभावापासून संरक्षण आणि कामाच्या जागी वाजवी सोयी पहिलीला, म्हणजे दोघींनाही.

आता त्या कायद्याखालच्या २०१७ च्या नियमांत मालकाने काय नोंदवायचे ते पाहा: नोकरीतल्या दिव्यांग व्यक्तींची संख्या आणि नेमणुकीची तारीख, नाव, लिंग, पत्ता, दिव्यांगत्वाचे स्वरूप, कामाचे स्वरूप, पुरवलेल्या सोयी. शब्द 'दिव्यांग व्यक्ती' आहे, 'लक्षणीय' नाही. खासगी आस्थापनांनाही २० किंवा अधिक कर्मचारी असतील तर हा नियम लागू आहे. तरी नोंदवही भरताना हात जुन्याच रेघेवर थांबतो, कारण ती भरणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बिंदुनामावली असते. तिच्यात १ ते १०० बिंदू, पूर्वी त्यांचे तीन भाग, २०१८ पासून २५-२५ चे चार.

ही रेघ किती बारीक आहे ते एका हिशेबाने कळेल. एकाच व्यक्तीत एक दिव्यांगत्व ३० टक्के आणि दुसरे २४ टक्के असेल तर बेरीज ५४ होत नाही. मूल्यमापनाच्या सूत्रात लहान आकड्याला ९० वजा मोठा आकडा याने गुणतात, ९० ने भागतात आणि मोठ्यात मिळवतात. २४ गुणिले ६० भागिले ९० म्हणजे १६, एकूण ४६. ती व्यक्ती आत. दुसरा आकडा २४ ऐवजी १२ असता तर एकूण ३८, ती बाहेर. दोघींना जिना तितकाच अवघड असू शकतो.

२०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा फरक नेमका पकडला. लिहिताना हातात गोळे येणाऱ्या एका उमेदवाराला स्पर्धा परीक्षेत लेखनिक नाकारला होता, कारण त्याचे दिव्यांगत्व लक्षणीय नव्हते. सोयीसाठी ४० ची अट लावणे म्हणजे दोन व्याख्यांची सरमिसळ, असे न्यायालयाने म्हटले. निकाल परीक्षेबद्दल होता. तर्क मात्र कार्यालयातल्या नोंदवहीलाही तसाच लागू पडतो.

अलीकडच्या वर्षांत नोंदींना नवी कारणे मिळाली. शेअर बाजारातल्या मोठ्या १००० कंपन्यांना २०२२-२३ पासून वार्षिक अहवालात दिव्यांग कर्मचारी आणि कामगारांची स्त्री-पुरुषवार संख्या द्यावी लागते. प्रकार विचारला जात नाही. सरकारी बाजूला २०२४ मध्ये एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांवरून वाद पेटला आणि पडताळणीला जोर आला. खोटे प्रमाणपत्र ही दिव्यांगाच्या हक्काची चोरीच आहे, पडताळणी हवीच. पण तिच्यामुळे नोंदवहीचा अर्थ आणखी एकदा प्रमाणपत्रापाशी येऊन थांबला. त्याच वर्षी दिव्यांगांच्या वैश्विक ओळखपत्राला (यूडीआयडी) रंगांच्या पट्ट्या आल्या: ४० च्या खाली पांढरी, ४० ते ८० च्या आत पिवळी, त्यापुढे निळी. म्हणजे रेघेखालच्या माणसाकडेही आता सरकारी कार्ड असते.

गोपनीयतेचा मुद्दा सर्वांत मागे राहिला. २०१६ च्या कायद्याने मानसिक आजार, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता यांना ४ टक्क्यांतल्या चौथ्या १ टक्क्यात आणले. हे योग्यच झाले. पण 'दिव्यांगत्वाचे स्वरूप' या रकान्यात मानसिक आजार लिहिला की तो शेजारच्या टेबलावरून वाचता येतो. अमेरिकेत १९९० च्या कायद्याने कर्मचाऱ्याची वैद्यकीय माहिती वेगळ्या गोपनीय फाइलमध्ये ठेवणे मालकावर बंधनकारक केले. आपल्याकडे २०११ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत आरोग्याची माहिती निदान 'संवेदनशील' या वर्गात होती. २०२३ च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्यात असा वेगळा वर्गच नाही, शिवाय नोकरीच्या कारणासाठी संमतीविना माहिती हाताळण्याची मुभा मालकाला आहे.

एका कार्यालयात मी अशी नोंदवही पाहिली आहे. लाल कापडी पाठीची, रेघा हाताने मारलेल्या. सहा नावे होती. सोयींच्या रकान्यात पहिल्या नावापुढे 'नियमानुसार' असे लिहिले होते आणि खाली पाच वेळा वरीलप्रमाणेच्या खुणा. खिडकीजवळच्या टेबलावर आवक-जावक सांभाळणाऱ्या बाईंना एका कानाने नीट ऐकू येत नसे. फोन आला की त्या खुर्ची वळवून दुसरा कान लावत. त्यांच्या प्रमाणपत्रावर आकडा ३० चा होता. त्यांचे नाव त्या सहांत नव्हते.