खोक्याला झाकण लागत नाही

रेशीमकिडे घरी पाळायला बुटांचा रिकामा खोका पुरतो. त्यातून ते पळून जात नाहीत. सुमारे ५००० वर्षं माणसाने आयतं खाऊ घातल्यामुळे 'बॉम्बिक्स मोरी' या किड्याची भटकायची सवयच मोडली आहे. पाला संपला तरी अळी तो शोधत फार लांब जात नाही. पतंगाला पंख असतात, पण उडता येत नाही.

खरी अडचण पाल्याची. अंडी आणण्याआधी तुतीचं झाड हेरून ठेवा. अंड्यातून निघते ती जेमतेम तीन मिलिमीटरची काळी, केसाळ अळी. तिला कोवळी पानं बारीक चिरून द्यायची, तीही कोरडी. ओल्या पाल्याने रोगराई माजते. कीटकनाशक फवारलेल्या पाल्याने तर अख्खा खोका एका दिवसात रिकामा होऊ शकतो.

अळी चार वेळा कात टाकते आणि नवख्याची धांदल उडते ती इथेच. खाणं थांबवून, डोकं वर उचलून ती साधारण दिवसभर हालचाल न करता बसून राहते. मेली की काय म्हणून तिला उचलायला जाऊ नका. तिने मागचे पाय रेशमाच्या बारीक तंतूंनी खाली बांधून घेतलेले असतात. जुनी कात अशी जागच्या जागी धरली गेली तरच अळीला पुढे सरकत तिच्यातून बाहेर पडता येतं. बांधणी सुटली, तर ती कातीतच अडकून मरू शकते.

चौथ्या कातीनंतर मात्र खादाडी सुरू होते. अळीच्या आयुष्यातला ८० टक्क्यांहून जास्त पाला या शेवटच्या आठवड्यात फस्त होतो. जन्मापासून साधारण महिनाभरात तिचं वजन सुमारे १०,००० पट वाढतं. आता तिच्या पाठीकडे नीट पाहा: कातडीखालून हृदयनलिकेचे ठोके मागून पुढे सरकताना साध्या डोळ्यांनी दिसतात.

मग खाणं बंद होतं, अंग पिवळसर पारदर्शक दिसू लागतं आणि अळी कोपरा शोधते. पोटातल्या दोन ग्रंथींमध्ये फायब्रॉइन हे प्रथिन द्रवरूपात असतं. त्याचा नुसतं हवेने वाळून तंतू होतो, असा समज आहे. मुख्य काम करतो तो ताण. अळी डोकं हलवत धागा ओढते, तसे प्रथिनाचे रेणू एका रांगेत येऊन घट्ट होतात. दोन्ही ग्रंथींचे तंतू सेरिसिन या डिंकाने चिकटतात. दोन-तीन दिवसांत सुमारे एक किलोमीटरचा सलग धागा अळीभोवती गुंडाळला जाऊन कोष तयार होतो.

दोनेक आठवड्यांनी पतंग लाळेतल्या विकराने तो डिंक सैल करून बाहेर येतो. तो काही खात नाही. मादीच्या गंधाची चाहूल लागताच नर पंख फडफडवत गोल गोल फिरू लागतो. हा गंध म्हणजे बॉम्बिकॉल. १९५९ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ बुटेनांट यांनी सुमारे पाच लाख माद्यांपासून तो वेगळा केला. रासायनिक ओळख पटलेला हा कीटकांचा पहिलाच कामगंध.

मादी ३०० ते ५०० अंडी घालते. काही जातींची अंडी दहा-बारा दिवसांत फुटतात. काहींची चार-पाच दिवसांत गडद करडी होतात आणि थंडी सोसल्याशिवाय फुटतच नाहीत. दोन्ही प्रकार करू शकणाऱ्या जातींमध्ये हे ठरतं ते आई स्वतः अंड्यात असताना तिला मिळालेल्या तापमानावर आणि उजेडावर. गडद अंडी काही महिने फ्रिजमध्ये ठेवावी लागतात. तुतीला पालवी फुटल्याशिवाय ती बाहेर काढू नयेत.