हौशी लढती आणि आयोजकाचा शब्द

मुष्टियुद्धासारख्या खेळांच्या हौशी लढतीत उतरणाऱ्याला मानधन नसतं, करार नसतो, त्याच्या बाजूने भांडणारा व्यवस्थापकही नसतो. त्याच्या हाती असतो फक्त आयोजकाचा शब्द. समोरचा तुझ्याच वजनाचा आहे, तोही तुझ्याइतकाच नवखा आहे, रिंगजवळ डॉक्टर बसलेला असेल. हा शब्द खोटा निघाला तर मार बसतो तो खेळाडूला. या खेळांच्या नियमांचा इतिहास म्हणजे बराचसा या शब्दाला पुरावा मागत राहण्याचा इतिहास आहे.

तो फार मागे जातो. इ.स.पू. 388 मध्ये थेसलीच्या युपोलस नावाच्या मुष्टियोद्ध्याने प्राचीन ग्रीसमध्ये ऑलिंपियाच्या स्पर्धेत तीन प्रतिस्पर्ध्यांना पैसे चारले. त्यांतला एक तर आधीच्या स्पर्धेचा विजेता होता. चौघांनाही दंड झाला आणि दंडाच्या रकमेतून झ्यूस या देवाचे कांस्यपुतळे घडवून ते मैदानाकडे जाणाऱ्या वाटेवर उभे केले गेले. पुढच्या प्रत्येक खेळाडूला त्यांच्यासमोरूनच आत जावं लागे.

आयोजकाच्या खिशाकडे बोट दाखवणारा एक नियम मला फार मोलाचा वाटतो. 1743 मध्ये लंडनच्या जॅक ब्रॉटनने मुष्टियुद्धाचे लेखी नियम केले. तो स्वतः लढवय्या होता आणि स्वतःच्या आखाड्यात लढती भरवतही होता. छोट्या लढतींबद्दल त्याने लिहिलं की जमलेल्या पैशांपैकी दोन तृतीयांश विजेत्याचे, आणि ही वाटणी मंचावर, सर्वांसमोर व्हावी. आपापसात खाजगीत काहीही ठरलेलं असो! पडद्याआड काय चालतं हे त्याला पुरतं ठाऊक असणार.

1867 मध्ये आधुनिक मुष्टियुद्धाचा पाया ठरलेले क्वीन्सबेरी नियम आले, त्याच सुमाराला हौशी स्पर्धाही सुरू झाल्या. 1880 मध्ये इंग्लंडमध्ये हौशी मुष्टियुद्धाची संघटना उभी राहिली. पैशासाठी लढणाऱ्यांभोवती सट्टा आणि लबाडी असते, तेव्हा पैसाच काढून टाकला की खेळ स्वच्छ होईल, अशी ‘हौशी’ या शब्दामागची समजूत होती. समजूत चुकीची होती असं मी म्हणणार नाही, पण ती अर्धीच होती. पैसा खेळाडूच्या हातातून गेला. तिकीटखिडकी, पदं आणि मानमरातब आयोजकांकडेच राहिले. वर ‘आम्हीही हौसेनेच करतो’ ही ढाल मिळाली.

ती ढाल किती पोकळ आहे हे 1988 मध्ये सोलच्या ऑलिंपिकमध्ये जगाने पाहिलं. अंतिम लढतीत अमेरिकेच्या रॉय जोन्सचे 86 ठोसे लागले, यजमान देशाच्या पार्क सी-हुनचे 32. निकाल लागला पंचांच्या 3 विरुद्ध 2 मतांनी, पार्कच्या बाजूने. त्यानंतर 1992 मध्ये बार्सिलोनाच्या ऑलिंपिकला गुण मोजणारं यंत्र आणलं गेलं. पाचांपैकी तीन पंचांनी एका सेकंदाच्या आत बटण दाबलं तरच गुण मिळायचा. पण पंच कोण बसवणार, हा प्रश्न यंत्राने सुटण्यासारखा नव्हता. 2016 च्या रिओ ऑलिंपिकनंतर सर्व 36 पंचांना बाजूला करावं लागलं, आणि 2021 मध्ये कायद्याचे प्राध्यापक रिचर्ड मॅक्लारेन यांच्या चौकशीतून दिसलं की लढतींवर पंच नेमण्याची व्यवस्थाच पोखरलेली होती. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2019 मध्ये मुष्टियुद्धाच्या जागतिक संघटनेला निलंबित केलं आणि 2023 मध्ये तिची मान्यताच काढून घेतली.

ही झाली कॅमेऱ्यासमोरची गोष्ट. खरी काळजी वाटते ती छोट्या सभागृहांतल्या लढतींची. अमेरिकेत 1996 आणि 2000 मध्ये मुष्टियोद्ध्यांच्या संरक्षणासाठी कायदे झाले, पण ते व्यावसायिकांसाठी. न्यूयॉर्क राज्यात 1997 पासून 2016 पर्यंत व्यावसायिक मिश्र मार्शल आर्ट्सवर (ठोसे, लाथा आणि कुस्ती एकत्र असलेल्या लढतींवर) बंदी होती आणि त्याच काळात तिथे हौशी लढती सरकारी देखरेखीशिवाय होत राहिल्या. नोकरदारांनी काही आठवडे सराव करून रिंगमध्ये उतरायचं, हा प्रकार 1980 च्या दशकात न्यूयॉर्कच्या ग्लीसन्स जिममधून पसरला. तो पुष्कळ ठिकाणी मान्यताप्राप्त संघटनांच्या बाहेरच चालतो.

अशा ठिकाणी काय घडू शकतं ते वजनकाट्यापाशी उभं राहिलं की कळतं. एक मुलगा आलेला नाही. त्याच्यासाठी आलेला प्रतिस्पर्धी हिरमुसून बसलाय, त्याच्या घरच्यांनी तिकिटं काढलीत. आयोजक यादी बघतो, चार किलो जड असलेला दुसरा एक जण मोकळा आहे. तो पूर्वी किती लढला हे विचारलं तर उत्तर येतं, ‘दोन-तीन’. कोणी ताडून पाहत नाही. कागदावर वजन जुळवून लिहिलं जातं आणि जोडी लागते. लबाडी करावी असं त्या क्षणी कोणाच्याच मनात नसतं बहुधा. कार्यक्रम पार पडावा एवढंच असतं. तरी ती लबाडीच आहे, आणि ती त्या पोराच्या अंगावर निघते.

हौशी बॉक्सिंगमध्ये यावर उपाय म्हणून प्रत्येक खेळाडूची नोंदवही आली. किती लढती, कशा संपल्या, डॉक्टरचा शेरा. डोक्यावरच्या फटक्याने नॉकआउट झाला तर निदान महिनाभर बंदी, तीन महिन्यांत दोनदा झाला तर दुसऱ्या वेळेपासून तीन महिने, वर्षात तिसऱ्यांदा झाला तर वर्षभर. मेंदूला सावरायला वेळ लागतो आणि तो सावरण्याआधी बसलेला दुसरा फटका जिवावर बेतू शकतो, हे त्यामागचं कारण. पण ही वही चालते ती एका संघटनेच्या हद्दीत. शनिवारी एका आयोजकाकडे कोसळलेला खेळाडू पुढच्या शनिवारी दुसऱ्याच संघटनेच्या वजनकाट्यावर उभा राहिला, तर तिथल्या कागदावर त्याच्या नावापुढे काहीच लिहिलेलं नसतं.