आईचा संधिवात नेमका कोणता?

पर्वतीच्या 103 पायऱ्या चढताना त्रास नसतो, उतरताना गुडघा दुखतो. पन्नाशीतल्या कितीतरी पुणेकर बायका हे सांगतात आणि लगेच जोडतात, “आईलाही संधिवात होता, आमच्या घराण्यातच आहे.” अशा वेळी मला आधी विचारावंसं वाटतं, आईचे गुडघे झिजले होते, की हाताची बोटं सुजून वाकडी झाली होती? कारण हे दोन वेगळे आजार आहेत, आणि दोन्ही वेगवेगळ्या वाटांनी पुढच्या पिढीत येतात.

झीज म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस. तो कुठल्या एका जनुकाने होत नाही. 1996 साली ब्रिटनमध्ये जुळ्या बहिणींवर झालेल्या अभ्यासात हात आणि गुडघ्याच्या झिजेतला आनुवंशिक वाटा 39 ते 65 टक्के निघाला. याचा अर्थ ‘तुम्हाला आजार होण्याची शक्यता 65 टक्के’ असा मुळीच नाही. माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला एवढा वारशामुळे, एवढंच तो आकडा सांगतो. जीडीएफ5 हे जनुक घ्या. गर्भात सांधे घडतात तेव्हापासून ते कामाला असतं. त्याच्या डीएनएतल्या एका अक्षराच्या बदलाने त्याचं प्रथिन थोडं कमी तयार होतं आणि गुडघ्याच्या झिजेचा धोका किंचित वाढतो. हा बदल अगदी सर्रास आढळतो. 2021 मध्ये सव्वाआठ लाखांहून जास्त लोकांच्या माहितीतून असे 100 स्वतंत्र बदल पुढे आले, बहुतेकांचा परिणाम छोटाच. एफटीओसारखं जनुक तर वजन वाढवून गुडघ्यावर येतं. इथे आपल्या हातात खूप काही आहे: जाड व्यक्तीचं वजन एक किलो उतरलं, तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी हलका होतो. मांडीचे स्नायू बळकट केले की दुखणंही कमी होतं.

आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, ही झीज नव्हे. यात शरीराची प्रतिकारशक्ती सांध्याच्या अस्तरावरच उलटते. वारशाचा मोठा वाटा सहाव्या गुणसूत्रावरच्या एचएलए-डीआरबी1 या जनुकाचा. त्याच्या काही प्रकारांसोबत सिगारेट आली की धोका बराच वाढतो. तरीही एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला आमवात असेल, तर दुसऱ्याला तो होण्याचं प्रमाण साधारण 15 टक्केच आहे.

सकाळचा ताठरपणा झिजेत बहुधा अर्ध्या तासाच्या आत सुटतो, आमवातात तास-तास टिकतो. दोन्ही हातांची बोटं, मनगटं सुजलेली, गरम लागत असतील तर घरगुती तेल चोळत बसू नका, लवकर संधिवाततज्ज्ञाकडे जा. उशीर झाला तर सांध्याचं झालेलं नुकसान भरून येत नाही.

आईची जुनी फाइल घरात असेल तर काढून बघा. एक्स-रेच्या रिपोर्टवर ‘सांध्यातली फट कमी’ एवढंच असेल, तर बहुधा झीज. अँटी-सीसीपी ही रक्ताची चाचणी पॉझिटिव्ह असेल, तर आमवाताची शक्यता जास्त. तो कागद तुमच्या डॉक्टरांना जरूर दाखवा.