प्रिंटमेकिंगला अर्ज करताय? सातारा-सांगलीकरांनी दाखले आधी तपासा

सातारा-सांगलीतून प्रिंटमेकिंग, म्हणजे ठोकळा किंवा पत्रा कोरून त्याचे ठसे कागदावर काढण्याची कला, शिकायला जायचं म्हटलं की यादीत बहुधा तीन नावं येतात: मुंबईचं सर जे. जे., बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललितकला शाखा आणि शांतिनिकेतनचं कलाभवन. पदवीसाठी 12वी पास असावं लागतं, शिवाय चित्रकलेची चाचणी असते. फॉर्म, फोटो, फी ही कामं कुठल्याही नेटकॅफेत उरकतात. पोरांचे हात चांगले असतात. अर्ज अडतो तो कागदावर.

सगळ्यात जास्त घोळ नॉन-क्रिमिलेअरचा. शांतिनिकेतनचं विश्वभारती हे केंद्रीय विद्यापीठ, तिथे आपल्या राज्याच्या नमुन्यातला दाखला चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला वेगळा काढावा लागतो. व्हीजे, एनटी, एसबीसी हे आपल्या राज्यातल्या प्रवर्गांचे रकाने केंद्राच्या अर्जात नसतातच. आपली जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का ते बघायचं आणि असेल तर ओबीसी म्हणून भरायचं. सेतूत जाऊन नुसतं 'नॉन-क्रिमिलेअर पाहिजे' म्हणालात तर राज्याचंच हातात पडतं, आणि ते केंद्राचं नाही हे खिडकीपलीकडून कुणी आपणहून सांगत नाही. 'केंद्राच्या नमुन्यातलं' असं स्पष्ट म्हणा आणि दाखला तिथेच उभं राहून वाचा.

एसईबीसीचंही (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) तेच, ते राज्यापुरतं. मराठा समाजातल्या मुलांना केंद्रीय विद्यापीठात ईडब्ल्यूएसचा (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) मार्ग आहे, पण तोही केंद्राच्या नमुन्यात. वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत पाहिजे आणि शेती 5 एकरांपेक्षा कमी. इथे माण, जत, आटपाडीकडची पोरं अडकतात. आठ एकर खडकाळ रान, विहीर कोरडी, तरी नियम फक्त क्षेत्र मोजतो, पाणी बघत नाही. मात्र या नियमातल्या कुटुंबात आजी-आजोबा धरलेले नाहीत. सातबारा आजोबांच्या नावावर असेल तर आधीच हातपाय गाळू नका, तलाठ्याला नीट समजावून सांगा. दाखला त्या आर्थिक वर्षापुरताच असतो. फेब्रुवारीत घाईनं काढून ठेवलेला जुलैत निव्वळ रद्दी, म्हणून 1 एप्रिलनंतरच काढा.

बडोदा गुजरातचं राज्य विद्यापीठ. तिथल्या आरक्षणाला महाराष्ट्राचा जातीचा दाखला लागू पडत नाही. खुल्या जागेच्या हिशेबानंच तयारी करा. तिथे प्रिंटमेकिंगचा विभाग 'ग्राफिक आर्ट्स' नावानं आहे. जाहिरातकला समजून तो सोडून देऊ नका.

पदव्युत्तरला जाणाऱ्यांचं दुखणं वेगळं. जी. डी. आर्ट ही पदविका आहे, पदवी नाही. काही विद्यापीठं ती समकक्ष मानतात, काही मानत नाहीत. त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतली पात्रतेची ओळ वाचल्याशिवाय फी भरू नका. जे. जे. तर 2023 पासून अभिमत विद्यापीठ आहे, तेव्हा सीनियरनं सांगितलेल्या जुन्या पद्धतीवर विसंबू नका.

शिवाय कामांच्या संचात प्रिंट मागतात आणि आपल्याकडच्या बऱ्याच कॉलेजांत एचिंगचा, म्हणजे आम्लानं कोरलेल्या धातूच्या पत्र्यावरून छापायचा, प्रेसच नाही. मग मुलं संगणकावरची चित्रं छापून लावतात. तसं करू नका. लिनो (मऊ लिनोलियमचा तुकडा) किंवा लाकूड कोरून छापायला प्रेस लागत नाही. रोलरनं शाई पातळ लावा, वर कागद ठेवा आणि चमच्याच्या पाठीनं कडेपर्यंत घासा. एक कोपरा अलगद उचलून शाई उतरली का बघा, कमी वाटली तर पुन्हा घासा. ठसा उलटा उमटतो, त्यामुळे अक्षरं कोरताना उलटीच कोरा. खाली पेन्सिलीनं डावीकडे 2/5 (पाच प्रतींपैकी दुसरी) असा आवृत्तीचा आकडा, उजवीकडे सही. आकडा न घातलेला प्रिंट पाहिला की परीक्षकांना लगेच कळतं, हे नवखं काम आहे. फोटो दिवसाच्या उजेडात, बरोबर वरून काढा.

नाव 12वीच्या गुणपत्रकाप्रमाणेच भरा. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रकावर आडनाव आधी असतं, बाहेरच्या फॉर्मात पहिलं नाव आधी मागतात, आणि अदलाबदल झाली की पडताळणीत फाईल बाजूला पडते.

राहिलं मायग्रेशन, म्हणजे आधीचं बोर्ड किंवा विद्यापीठ सोडून दुसरीकडे जाण्याचं प्रमाणपत्र. 12वीनंतर जाणाऱ्यांना ते बोर्डाच्या कोल्हापूर विभागीय मंडळाचं लागतं, पदवीनंतर ज्या विद्यापीठाची पदवी त्याचं. निकाल लागला की लगेच अर्ज टाका, प्रवेशाची यादी लागण्याची वाट बघू नका.