बार्त्निक (स्लाव्ह आडनाव)

बार्त्निक : पोलंड, युक्रेन, बेलारूस व रशिया या देशांत आढळणारे एक विरळ व्यवसायदर्शक आडनाव. जंगलातल्या जिवंत झाडाच्या खोडात, जमिनीपासून बऱ्याच उंचीवर, मधमाश्यांसाठी ढोली कोरायची, तिच्यात वस्तीला आलेल्या माश्या वर्षानुवर्षे सांभाळायच्या आणि त्यांचा मध व मेण काढायचे, हे ज्याचे काम तो बार्त्निक. पोलिश भाषेत बार्त्निक, युक्रेनी, बेलारूसी व रशियनमध्ये बोर्तनिक आणि चेकमध्ये ब्रत्नीक अशी या शब्दाची रूपे आहेत. मराठीत त्याला ‘मधपाळ’ म्हणता येईल, पण तेवढ्याने अर्थ पुरा होत नाही. आपला मधपाळ पेट्या ठेवतो. बार्त्निकची पेटी म्हणजे उभे झाड. आपल्याकडची सातेरी माशी झाडाच्या नैसर्गिक ढोलीत घर करते, हे सह्याद्रीत फिरणाऱ्यांना माहीत असते. तशीच ढोली माणसाने स्वतःच्या हाताने कोरून माशीला दिली, की ती बार्त्निकची ‘बार्च’ झाली.

शब्दाची घडण सरळ आहे. प्राचीन स्लाव्ह भाषेत झाडातल्या अशा माश्यांच्या ढोलीला जो शब्द होता, त्यातून पोलिश ‘बार्च’, रशियन ‘बोर्त’ आणि चेक ‘ब्रत्य’ हे शब्द आले. त्याला ‘-निक’ हा कर्तृवाचक प्रत्यय लागला, की त्या वस्तूशी ज्याचा संबंध तो माणूस तयार होतो. हा प्रत्यय मराठी वाचकाला ओळखीचा आहे: ‘स्पुतनिक’ या शब्दात तोच आहे, आणि तिथे अर्थ होतो वाटेचा सोबती. बार्त्निक म्हणजे तसाच, ढोलीचा माणूस.

याच शब्दाच्या शेजारी आणखी एक शब्द आहे आणि त्याचा धागा थेट आपल्या भाषांपर्यंत येतो. मधाला रशियन व चेकमध्ये ‘म्योद’ आणि ‘मेद’, पोलिशमध्ये ‘म्यूद’ म्हणतात. हे आणि संस्कृत ‘मधु’, मराठी ‘मध’ एकाच मुळाचे. अस्वलाला स्लाव्ह लोक ‘मेद्व्येद’ म्हणतात. शब्दशः मध खाणारा. जुन्या काळी अस्वलाचे खरे नाव तोंडाने घ्यायचे नाही म्हणून हे आडवळणाचे नाव रूढ झाले, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील १६४ व्या सूक्तात झाडावर बसलेल्या पक्ष्यांना ‘मध्वद’ म्हटले आहे; मधु आणि अद्, म्हणजे खाणे. मेद्व्येदची घडण हीच. रशियाचे माजी राष्ट्राध्यक्ष मेदव्हेदेव यांचे आडनाव ‘मध्वद’चे दूरचे भावंड आहे, हे एकदा ध्यानात आले की ते नाव परके वाटेनासे होते. चेक भाषेत तर तपकिरी अस्वलाचे नावच ‘मेद्व्येद ब्रत्नीक’ आहे. पोलिश शिकाऱ्यांच्या जुन्या बोलीतही मधाच्या मागे लागणाऱ्या अस्वलाला बार्त्निक म्हणत. ढोलीवर हक्क सांगणारे दोघे, माणूस आणि अस्वल, यांना एकच नाव मिळाले.

या कामाचे तपशील पाहिल्याशिवाय नावाची किंमत कळत नाही. बार्त्निक झाड निवडी ते जुने, शंभरी ओलांडलेले. बहुधा पाइन, कधी ओक किंवा लिंडन. चढण्यासाठी त्याच्याकडे ‘लेझिवो’ असे: तागाचा किंवा झाडाच्या अंतर्सालीचा वळलेला लांब दोर आणि त्याला बसायची फळी. दोराचे वेढे खोडाला देत, त्यांत पाय अडकवत तो वर जाई आणि फळीवर टेकून तासन्‌तास काम करी. ढोली कोरायची ती ‘पेश्न्या’ने, म्हणजे लांब दांड्याच्या पटाशीने. सुमारे मीटरभर उंचीची पोकळी कोरायची, तिच्या तोंडावर उभी फळी बसवायची आणि माश्यांना येण्याजाण्यासाठी बाजूला एक लहान भोक ठेवायचे. एवढे करून लगेच मध मिळत नसे. ओल्या लाकडात माशी येत नाही. कोरलेली ढोली दोनतीन वर्षे वाळू द्यावी लागे. पुष्कळदा पाइनचा शेंडा छाटत, म्हणजे झाड उंच न वाढता बुंध्याने भरे आणि वादळात मोडत नसे. वसंतात चढून ढोली साफ करायची आणि उन्हाळा सरताना मध काढायचा, पण हिवाळ्यापुरता मध माश्यांना राखायचा. आजोबाने कोरलेल्या ढोलीतून नातवाने मध काढावा, अशी या धंद्याची मुदत होती.

अस्वलासाठीही बंदोबस्त असे. ढोलीच्या तोंडासमोर दोराने एक जड ओंडका टांगत; पोलिशमध्ये त्याला ‘सामोबित्न्या’ म्हणतात, म्हणजे आपोआप मारणारा. अस्वल त्याला पंजाने बाजूला ढकले, तो झोका घेऊन परत येई आणि त्याच्याच डोक्यात बसे. जितक्या रागाने ढकलावे तितका मार अधिक.

झाड कोणाचे, हे खोडावर कुऱ्हाडीने कोरलेल्या खुणेवरून ठरे. तिरप्या रेघा, फुली, पक्ष्याचा पाय अशा या खुणा घराण्याच्या असत आणि वारशाने जात. लिहिता न येणाऱ्या माणसाची ती सहीच होती. आडनाव येण्याच्या कितीतरी आधी बार्त्निकच्या घराण्याची ओळख झाडावर लिहिलेली होती. तिची किंमत कीव्हच्या रुस राज्याच्या ‘रुस्काया प्राव्दा’ या विधिसंहितेत दिसते. बोर्तवरची खूण पुसणाऱ्याला १२ ग्रिव्ना दंड, बोर्तांच्या हद्दीची खूण तोडणाऱ्यालाही १२ ग्रिव्ना. त्याच संहितेत गुलामाच्या जिवाची भरपाई ५ ग्रिव्ना आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचले की मधाच्या झाडाचे त्या समाजातले स्थान कळते आणि गुलामाचेही.

एवढे मोल होते ते मधापेक्षा मेणामुळे. साखर नसलेल्या काळात मध गोडाधोडाला आणि मद्याला लागे हे खरे. पण चर्चमधल्या मेणबत्त्यांसाठी पश्चिम युरोपला जे मेण हवे होते, त्याचा मोठा वाटा या जंगलांतून जात असे. नोव्हगोरोद शहरात मेणाच्या व्यापाऱ्यांचा स्वतंत्र संघ सेंट जॉनच्या चर्चभोवती उभा राहिला होता आणि हान्सा या जर्मन व्यापारी शहरांच्या संघाचे व्यापारी तिथून मेण खरेदी करीत. राजे आणि सरदार बार्त्निकांकडून मधाच्या रूपाने कर घेत. काही वस्त्याच या कामासाठी बसवलेल्या होत्या. पोलंडमधली बार्त्निकी नावाची गावे आणि आता कीव्ह शहरात सामावलेले बोर्तनिची ही नावे त्या वस्त्यांची आठवण आहेत.

पुढे लिथुएनियाच्या महासरदारीच्या १५२९ च्या कायद्यात जंगल, शिकार आणि बोर्तची झाडे यांवर वेगळे प्रकरण आले. दुसऱ्याच्या मालकीच्या जंगलात आपले झाड असेल तर बार्त्निकला तिथे जाण्याचा हक्क होता. मात्र शिकारीची कुत्री आणि भाला बरोबर न्यायला मनाई होती, कुऱ्हाड चालत असे. पोलंडच्या माझोव्हिया प्रांतात बार्त्निकांची स्वतःची न्यायपंचायत होती आणि तिचे नियम क्शिश्तोफ निश्चित्स्की या अधिकाऱ्याने १५५९ मध्ये प्शास्निश भागासाठी लिहून काढले. वोम्झा भागासाठी स्तानिस्वाफ स्क्रोद्स्कीने १६१६ मध्ये तसेच केले. माश्यांची चोरी हा या कायद्यांत देहदंडाचा गुन्हा होता. कुर्प्ये या जंगलवस्तीत ६० झाडांचा एक ‘बूर’ मोजत आणि त्यावर कर ठरे. तिथले लोक सरंजामदाराची वेठ न करता मधाच्या रूपाने देणे भरत, आणि या स्वातंत्र्याचा त्यांना आजही अभिमान आहे.

मग असा प्रतिष्ठित, कायद्याने जपलेला आणि शेकडो वर्षे चाललेला व्यवसाय असताना त्याचे आडनाव इतके विरळ का? पोलंडमध्ये लोहारावरून आलेले कोवाल्स्की हे आडनाव लाखाहून अधिक लोक लावतात. क्रोएशिया आणि स्लोव्हेनियात कोवाच, युक्रेनमध्ये कोवालेन्को आणि गिरणीवाल्याचे मेल्निक गावोगावी भेटतात. बार्त्निक मात्र पोलंडमध्ये काही हजारांतच आहेत.

आडनाव पडते ते वेगळेपण दाखवायला. गावात लोहार एक, गिरणीवाला एक. ‘लोहाराचा यान’ म्हटले की ओळख पटली. जंगलपट्टीत मात्र गावच्या गावे ढोल्या राखणारी. तिथे कोणाला बार्त्निक म्हणून काय उपयोग? हे नाव चिकटले ते बहुधा जंगलाच्या कडेला, शेतकऱ्यांच्या गावात एखादाच ढोलीवाला असेल तिथे, किंवा जंगल सोडून दुसरीकडे राहायला गेलेल्याला. म्हणजे व्यवसाय जिथे दाट, तिथे आडनाव पातळ.

दुसरे कारण काळाचे, आणि माझ्या मते तेच अधिक वजनदार. पोलंडमध्ये सरदारवर्गाची आडनावे आधी स्थिरावली; शेतकऱ्यांची बहुतांशी सतराव्या-अठराव्या शतकांत, आणि कायद्याने पक्की झाली ती देशाच्या फाळण्यांनंतर प्रशिया, ऑस्ट्रिया व रशिया यांच्या दप्तरांत. रशियात तर बहुसंख्य शेतकऱ्यांना कायमची आडनावे १८६१ च्या भूदासमुक्तीनंतरच मिळाली. नेमक्या याच काळात झाडावरचा हा धंदा ओसरत होता. जंगले तुटत होती, उरलेल्या जंगलांत लाकडाला भाव आला होता आणि जिवंत झाड कोरणाऱ्या माणसाकडे वनखाते नुकसान करणारा म्हणून पाहू लागले होते. बीटची साखर आली. युक्रेनमध्ये पेत्रो प्रोकोपोविच याने १८१४ मध्ये चौकटींचे पोळे बनवले आणि माशीपालन जंगलातून परसात उतरले. परसातल्या मधपाळाला वेगळा शब्द होता, ‘पासिच्निक’. तो व्यवसाय जिवंत राहिला म्हणून युक्रेनमध्ये पासिच्निक हे आडनाव पुष्कळ दिसते. सरकारी कारकून आडनाव लिहायला बसला तेव्हा अनेक प्रांतांत बोर्तनिक म्हणून सांगायला कोणी उरलाच नव्हता.

काही बार्त्निक दुसऱ्या रूपांत लपले आहेत. मुलगा किंवा वंशज दाखवणारी बार्त्निचाक व बोर्तनिकोव्ह ही आडनावे याच मुळाची. बार्त्नित्स्की मात्र बहुधा बार्त्निकीसारख्या गावावरून आलेले. आपल्याकडे गावाला ‘-कर’ लागून आडनाव होते, तसा पोलिशमध्ये ‘-स्की’ किंवा ‘-त्स्की’ लागतो. अठराव्या शतकातील संगीतकार द्मित्री बोर्तन्यान्स्की (१७५१–१८२५) यांचे आडनावही असेच गावाचे: कार्पेथियन डोंगरातल्या बार्त्ने गावचा तो बोर्तन्यान्स्की. ढोलीचा संबंध आहे, पण गावाच्या वाटेने.

उलट बार्तोश, बार्चाक, बार्तकोव्स्की ही नावे वरवर जवळची दिसली तरी त्यांचा मधाशी काही संबंध नाही. ती बार्त्वोमेय, म्हणजे ख्रिस्ताच्या बारा शिष्यांपैकी बार्थोलोम्यू, या नावावरून आली. वंशावळी शोधणाऱ्यांची इथे नेहमी फसगत होते. कोणत्याही आडनावात ‘बार्त’ दिसले की ढोली आठवू नये. तिच्या मागे ‘-निक’ आहे का ते आधी पाहावे.

बार्त्निकहून विरळ असे एक सख्खे आडनाव आहे: बार्तोजेय. बार्त्निक ढोली राखतो, बार्तोजेय ती कोरतो. यातला दुसरा अवयव ‘करणे, घडवणे’ या अर्थाच्या जुन्या क्रियापदाचा. संस्कृतातला ‘धा’ धातू, ज्यापासून ‘विधान’ आणि ‘विधाता’ आले, त्याच मुळाचा. पोलिशमध्ये ढोली कोरण्याला हेच क्रियापद वापरत. चाके बनवणारा तो ‘कोवोजेय’. हे आडनाव पोलंडमध्ये सर्रास आहे, कारण चाक सगळ्यांना लागे. बार्तोजेय हाताच्या बोटांवर मोजण्याइतके नसले तरी शोधावे लागतात. बिद्गोश्च शहराचा बार्तोजिए हा भाग आणि त्याच नावाची इतर काही गावे मात्र नकाशावर टिकून आहेत.

पोलिशमध्ये या आडनावाचे स्त्रीरूप पूर्वी निराळे होते. बायको ती बार्त्निकोवा, अविवाहित मुलगी ती बार्त्निकूव्‌ना. आता कागदोपत्री दोघीही बार्त्निकच लिहितात. जुनी रूपे वयस्कांच्या बोलण्यात आणि थडग्यांवर उरली आहेत.

हे आडनाव लावणाऱ्या परिचित व्यक्तींत पोलिश धर्मशास्त्रज्ञ चेस्वाफ बार्त्निक (१९२९–२०२०) आणि रशियन अभिनेते इव्हान बोर्तनिक (१९३९–२०१९) यांचा उल्लेख करता येतो. हंगेरियन चित्रकार शान्दोर बोर्तनिक (१८९३–१९७६) यांच्याकडे ते भाषेची हद्द ओलांडून गेले. जर्मन प्रदेशात याच कामावरून ‘त्साइडलर’ हे आडनाव झाले. न्यूरेम्बर्गभोवतालच्या शाही जंगलात त्साइडलरांना स्वतःचे विशेष हक्क होते.

व्यवसाय मात्र पुरता गेला नाही. बेलारूसच्या काही भागांत तो टिकून होता. पोलंडमध्ये तो खंडित झाला होता आणि एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात स्पावाच्या जंगलात पुन्हा सुरू झाला. २०२० मध्ये पोलंड व बेलारूस यांच्या संयुक्त प्रस्तावावरून युनेस्कोने या परंपरेचा मानवतेच्या अमूर्त वारशात समावेश केला. पोलिश तरुणांना खोडावर चढायला आणि ढोली कोरायला पुन्हा शिकवले ते दक्षिण उरलमधल्या शुल्गान-ताश अभयारण्याच्या परिसरातल्या बश्कीर लोकांनी. तिथे ही विद्या अखंड चालत आलेली आहे. बश्कीर तुर्की कुळातली भाषा बोलतात. त्यांच्याकडे ढोलीला ‘सोलोक’ म्हणतात.